मुलगा बघतो की नाही, हा प्रश्नच नाहीये

म्हाताऱ्या माणसांचा विषय निघाला की पाच मिनिटांत मुलगा येतोच. मुलगा अमेरिकेत आहे, मुलगा इथेच आहे पण बायकोचं ऐकतो, शेवटी मुलीच बघतात हो, हल्लीच्या पिढीला काही पडलेली नाही, वगैरे वगैरे. ठाण्याच्या तलावपाळीच्या कट्ट्यावर हेच, लग्नाच्या पंगतीत हेच, सोसायटीची एजीएम संपल्यावर चहा पिताना पण हेच. आणि आपला कायदाही साधारण हेच बोलतो. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, 2007 चा. मुलं बघत नसतील तर प्रांताच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करा, महिन्याला जास्तीत जास्त 10,000 रुपये मिळतील, आणि आईबापाला टाकून दिलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 पर्यंत दंड. कायदा वाईट आहे असं मी म्हणत नाहीये. त्यातलं कलम 23 तर फार कामाचं आहे, सांभाळण्याच्या अटीवर घर मुलाच्या नावावर केलं आणि मग त्याने सांभाळलं नाही तर ते बक्षीसपत्र रद्द करता येतं, ठाण्यात जिथे वन बीएचकेची किंमत ऐकून माणसाला घाम फुटतो तिथे या कलमाची किंमत वेगळी सांगायला नको.

पण हा सगळा बंदोबस्त वाईट मुलांसाठी झाला. चांगल्या मुलांचं काय? माझ्या आजूबाजूला, नौपाड्यात म्हणा, वर्तकनगरला म्हणा, नाहीतर आमच्या घोडबंदर रोडच्या टॉवरांमध्ये म्हणा, बहुतेक घरांत मुलं-सुना बघतायत, मनापासून बघतायत, पैसे खर्च करतायत, रजा टाकतायत, आणि तरीही घर पार मोडकळीला आलंय, कारण जे करायचंय ते इच्छेचं काम नाहीये, तासांचं आणि अंगमेहनतीचं काम आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, नाहीतर बेडसोर होतो, म्हणजे दाबाने कातडीला जखमा. दिवसाचे बारा वेळा वळवणं झालं, रात्रीचे सुद्धा त्यातच आले. त्यात डायपर, स्पंजिंग, नळीतून फीड, कॅथेटरची म्हणजे लघवीच्या नळीची पिशवी. साठ-सत्तर किलोचं शरीर उचलायचं म्हणजे एका माणसाचं कामच नाही. हे संस्कारांनी होत नाही, दोन धडधाकट माणसं लागतात आणि त्यांनाही झोप हवी असते.

माझ्या सासूबाई स्ट्रोकनंतर काही वर्षं अशा होत्या, म्हणून हे वाचून नाही सांगत. हॉस्पिटलात होत्या तोपर्यंत सगळं होतं, मॉनिटर होता, सिस्टर होत्या, मेडिक्लेम होता. डिस्चार्जच्या दिवशी सिस्टरने दहा मिनिटांत रायल्स ट्यूबने, म्हणजे नाकातून घातलेल्या नळीने, फीड कसं द्यायचं ते दाखवलं आणि अँब्युलन्सवाल्यांनी त्यांना घरच्या पलंगावर आणून ठेवलं. त्या क्षणापासून सरकार, विमा कंपनी, महापालिका सगळ्यांच्या लेखी केस संपली. आमच्यासाठी तर तिथून सुरू झाली होती.

आत्ताची धोरणं बघा, सगळी हॉस्पिटलच्या दारापर्यंत येऊन थांबतात. ऑक्टोबर 2024 पासून 70 च्या वरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतमध्ये घेतलं, कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार. चांगलं झालं. पण ते अॅडमिट झालात तर. पॅरालिसिस झालेला माणूस हॉस्पिटलात पंधरा दिवस असतो आणि घरी पाच वर्षं. डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा पेशंट तर बऱ्याचदा अॅडमिट होतच नाही, तो घरातच हरवतो. लोकसंख्येचा अभ्यास करणाऱ्या मुंबईच्या आयआयपीएस या संस्थेच्या पुढाकाराने देशभर जो ज्येष्ठांचा मोठा अभ्यास चालतो, लासी म्हणतात त्याला, त्याच्या आधारे काढलेला अंदाज आहे की 60 च्या वरच्या 7.4 टक्के लोकांना डिमेन्शिया आहे, म्हणजे देशात 88 लाख माणसं. याच अभ्यासात असंही दिसलं की साठीच्या पुढच्या साधारण चौघांतल्या एकाला आंघोळ, कपडे, संडास, चालणं, जेवण यातल्या निदान एका गोष्टीत अडचण येते. सगळेच अंथरुणाला खिळलेले नाहीत, कबूल, पण संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या (यूएनएफपीए) 2023 च्या अहवालाप्रमाणे 2022 मध्ये आपल्याकडे 60 च्या वरचे जवळजवळ 15 कोटी होते आणि 2050 पर्यंत ते 34 कोटींच्या पुढे जातील. त्याचा चौथा हिस्सा किती होतो ते ज्याचं त्याने बघावं.

मग आज हे काम करतंय कोण? आधी घरातली बाई. 2019 च्या सरकारी टाइम यूज सर्व्हेत घरकाम करणाऱ्या बायका त्याला दिवसाला सरासरी 299 मिनिटं देतात आणि जे पुरुष घरकाम करतात ते 97 मिनिटं, असं आलं होतं, आणि माणसांची काळजी घेणं हे त्या सर्व्हेत आणखी वेगळं मोजलेलं आहे. सून नोकरी सोडते, नाहीतर लग्न न झालेली मुलगी नोकरी सोडते. आणि मुलं बाहेरगावी असली की पंच्याहत्तरीची बायको अठ्ठ्याहत्तरीच्या नवऱ्याला उचलते आणि दोन महिन्यांनी तिचाच मणका सरकतो. हे फुकट चालतं म्हणून बजेटमध्ये दिसत नाही.

आणि ज्यांना थोडं परवडतं ते पेशंट सांभाळायला माणूस पुरवणाऱ्या ब्यूरोला फोन करतात. ठाणे, कळवा, वाशी, नेरूळ, कुठेही जा, केमिस्टच्या काउंटरवर ब्यूरोची कार्डं ठेवलेली असतात. फोन केला की दुसऱ्या दिवशी मावशी येते, पुरुष पेशंट असेल तर मामा. सकाळी आठ ते रात्री आठ नाहीतर रात्री आठ ते सकाळी आठ. दिवा, मुंब्रा, अंबरनाथ, बदलापूर, वांगणीहून लोकल पकडून येते, चोवीस तासांची असेल तर बुलढाणा नाहीतर नांदेडकडची असते आणि दोन-दोन महिने घरी जात नाही. बारा तासांच्या ड्यूटीला महिन्याचे वीस हजारांच्या आसपास द्यावे लागतात, नळी-कॅथेटर असेल तर जास्त. त्यातले ब्यूरो किती कापतो ते आपल्याला कळत नाही आणि मावशीला विचारलं तर ती इकडे तिकडे बघून सांगते.

आता दोन्ही बाजू बघा. मावशीला पीएफ नाही, ईएसआय नाही, भरपगारी सुट्टी नाही, एक दिवस खाडा केला की तेवढे पैसे गेले, आणि चौथ्या दिवशी पेशंट वारला तर त्याच दिवशी काम गेलं. पेशंट उचलून उचलून चाळिशीत तिची कंबर जाते. काही घरांत तिला पंख्याखाली बसू देत नाहीत, काही घरांत पेशंटच हात लावतो आणि घरचे म्हणतात अहो त्यांना कळत नाही आता. चकचकीत कॉम्प्लेक्समध्ये तिने सर्व्हिस लिफ्टने यायचं, म्हणजे ज्या बाईच्या हाती आपली आई सोपवली तिच्याबरोबर एका लिफ्टमध्ये उभं राहायला आपल्याला लाज वाटते, असो, तो वेगळा लेख होईल. दुसऱ्या बाजूला घरच्यांची भीती पण खोटी नाही. मावशीने ट्रेनिंग घेतलंय का, कुठे घेतलंय, काही माहीत नसतं. आधार कार्डाची झेरॉक्स सोडली तर हातात काही नसतं. आम्ही बाहेर गेल्यावर ती सासूबाईंना नीट भरवते का, चिडून हात तर उगारत नाही, हे विचार ऑफिसमध्ये बसून मी रोज केलेत. बदली मावशी आली की सगळं पहिल्यापासून. तक्रार कुठे करायची? ब्यूरोला. ब्यूरो काय करतो? दुसरी मावशी पाठवतो आणि पहिलीला दुसऱ्या घरी पाठवतो.

म्हणजे एवढं नाजूक काम, अर्धमेल्या माणसाच्या अंगाशी होणारं, आणि ते करणाऱ्या माणसाची नोंद कुठल्याही दप्तरात नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की वृद्धांचं धोरण मुलापासून किंवा हॉस्पिटलपासून नाही तर या मावशीपासून सुरू करायला पाहिजे. आणि ते कसं करायचं याचा नमुना शोधायला जपानला जायची गरज नाही, वाशीला गेलं तरी चालेल.

वाशीच्या एपीएमसीत, म्हणजे घाऊक बाजारात, गोणी उचलणारे माथाडी आहेत. हमाल म्हणजे एकेकाळी असाच विखुरलेला माणूस, आज या व्यापाऱ्याकडे, उद्या त्या, मालक कोण ते सांगता येत नाही, हजेरी नाही, म्हातारपणी काही नाही. कामगार नेते अण्णासाहेब पाटलांनी त्यांना संघटित केलं आणि 1969 मध्ये महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. कल्पना एकदम साधी होती, कामगाराचा एक असा पक्का मालक नसेल तर मधे मंडळ उभं करा. मंडळावर सरकार, मालक आणि कामगार तिघांचे प्रतिनिधी. व्यापारी मंडळाकडे नोंदणी करतो, हमालांच्या टोळ्या पण नोंदवलेल्या असतात, मजुरी आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही, म्हणजे मालकाने वर भरायची रक्कम, मंडळाकडे जमा होते, मंडळ मजुरी देतं आणि लेव्हीतून पीएफ, ग्रॅच्युइटी, रजा, बोनस, औषधपाणी. कोपरखैरणेला माथाडींचं हॉस्पिटल आहे, घणसोली-कोपरखैरणेत त्यांची घरं आहेत. पाठीवर गोण्या वाहून माणसं नवी मुंबईत स्वतःच्या घरात राहायला गेली हे फक्त त्यांच्या ताकदीवर नाही झालं, कायद्याने झालं. त्याच धर्तीवर 1981 मध्ये सुरक्षा रक्षकांचा कायदा आला आणि आज बृहन्मुंबई आणि ठाणे जिल्ह्याचं सुरक्षा रक्षक मंडळ आहे, कितीतरी सरकारी ऑफिसं, हॉस्पिटलं आणि कंपन्यांच्या गेटवर त्याचे गार्ड असतात. म्हणजे गोणी उचलणाऱ्याला मंडळ आहे, गेट सांभाळणाऱ्याला मंडळ आहे, आणि माणूस उचलणारीला नाही.

इथे कोणीतरी म्हणेलच की घरेलू कामगारांचं मंडळ आहे की, 2008 च्या कायद्याचं. आहे, कागदावर मावशी त्यात बसेल पण कदाचित. पण त्यात मूळ गोष्टच नाही, माथाडीसारखी मजुरी आणि लेव्ही त्याच्यातून जात नाही, मालकाने काही भरायचं अशी ताकद नाही, ते कल्याणकारी योजना वाटणारं मंडळ आहे आणि वाटायला पैसे नसले की मंडळ असून नसल्यासारखं. पुन्हा तसंच एक मंडळ काढायचं असेल तर नकोच.

माथाडीच्या नावाने खंडणी चालते, हा आक्षेप पण खरा आहे, नवी मुंबईत राहणाऱ्या कुणालाही तो समजावून सांगायला नको. गोडाउनला ट्रक लागला की चार जण येतात आणि माल न उचलताच पैसे मागतात, मंडळाशी त्यांचा काही संबंध नसतो. पण घरात काम करणाऱ्या मावशीच्या बाबतीत तसं होणं कठीण आहे कारण इथे टोळीने काम नाही, नेमणूक घरच्यांच्या पसंतीने, आणि पैसे यूपीआयने थेट मंडळाच्या खात्यात. 1969 ला हे शक्य नव्हतं. आज लाडकी बहीणचे 1500 रुपये राज्य सरकार कोट्यवधी बायकांच्या खात्यात पाठवतंय, म्हणजे खातं, आधार, मोबाइल सगळी व्यवस्था तयार आहे, ती फक्त वाटायला वापरतो आपण.

ब्यूरो बंद करा असंही मी म्हणत नाही. माणूस शोधून देणं हे त्यांचं खरं काम आहे आणि ते त्यांना येतं, रात्री अकराला फोन केला तरी सकाळी कोणीतरी उभं करतात, सरकारी मंडळाला ते सात जन्मात जमणार नाही. त्यांनी मंडळाकडे नोंदणी करावी, कमिशन उघड लिहावं, मावशीचं ट्रेनिंग आणि मागची कामं मंडळाच्या रेकॉर्डवर असावीत. 2019 मध्ये केंद्राने वरच्या 2007 च्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं होतं, त्यात घरी सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि किमान दर्जा असं पहिल्यांदाच होतं. ते लोकसभेत पडून राहिलं आणि 2024 ला लोकसभेची मुदत संपली तशी विधेयकाची पण संपली. कोणी मोर्चा काढला नाही. आपण मुलगा बघतो का यावरच बोलत होतो ना.

आता पैशाचं. हा सगळ्यात अवघड भाग आहे आणि इथेच बरेच वैचारिक लेख पळ काढतात. मावशीला पीएफ, रजा, विमा दिला की ती महाग होणार. वीस हजारावर वीस टक्के लेव्ही धरली तर चार हजार वाढले. ज्यांची सरकारी किंवा बँकेची पेन्शन आहे ते कुरकुरत का होईना भरतील. पण वागळे इस्टेटमध्ये आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात आयुष्य काढलेल्या माणसाची पेन्शन ईपीएस-95 ची, म्हणजे पीएफ खात्याच्या पेन्शन योजनेची आहे. त्यातली किमान पेन्शन 2014 पासून महिन्याला 1,000 रुपयांवर अडकलेली आहे, आणि पगाराची मर्यादा 15,000 असल्यामुळे पस्तीस वर्षं घासली तरी साडेसात हजारांच्या आसपासच. कारखाने गेले, त्या जागी टॉवर आणि आयटी पार्क आले, माणूस मात्र लोकमान्य नगरला त्याच घरात पडून आहे. त्याला वीस हजारांची मावशी काय आणि चोवीस हजारांची काय. आणि त्याच्याही खालचा, श्रावणबाळ या गरीब म्हाताऱ्यांच्या सरकारी योजनेचे 1500 घेणारा, तो तर या हिशोबातच नाही.

म्हणून मंडळाच्या जोडीला दुसरी गोष्ट पाहिजे, महापालिकेने वॉर्डातल्या गरजू माणसाला पैसे नाही तर मावशीचे तास द्यायचे. ही कल्पना मात्र जपानची, ते मान्य. तिथे एप्रिल 2000 पासून दीर्घकालीन काळजीचा सक्तीचा विमा आहे, चाळिशीनंतर प्रत्येकाने हप्ता भरायचा, साधारण निम्मा पैसा हप्त्यातून आणि निम्मा करातून, आणि 65 नंतर माणसाला किती मदत लागते ते घरी येऊन तपासतात, सात पायऱ्यांपैकी एकीवर बसवतात आणि त्याप्रमाणे सेवा देतात, बहुतेकांना खर्चाचा दहावा हिस्सा भरावा लागतो. आपल्याला तो विमा जसाच्या तसा जमणार नाही, कारण हप्ता कापायला पगाराची स्लिप लागते आणि आपल्याकडे बहुतेकांकडे ती नाहीच. पण तपासणीची कल्पना घेता येते. वय किती हे विचारण्याऐवजी स्वतः संडासला जाता येतं का हे विचारायचं. आपल्या बहुतेक योजना वयावर चालतात, 65 ला श्रावणबाळ, 70 ला आयुष्मान, 75 ला एसटी फुकट. पंच्याहत्तरीला एसटीने पंढरपूरला जाणाऱ्या आजोबांना माझा दंडवत, पण घरात पडलेल्या अडुसष्ट वर्षांच्या माणसाला यातलं काय उपयोगी पडतं?

आणि घरी माणूस पाठवणं आपल्या देशात जमत नाही असं म्हणणाऱ्यांनी केरळ बघावं. 2008 मध्ये त्यांनी पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या पेशंटचा त्रास कमी करणाऱ्या सेवेचं राज्य धोरण केलं, असं करणारं पहिलं राज्य, आणि ग्रामपंचायतीच्या पातळीवर नर्स घरोघरी जाते, ड्रेसिंग करते, कॅथेटर बदलते, घरच्यांना शिकवते, बरोबर गावातले स्वयंसेवक असतात. ठाण्याच्या एका घोडबंदर रोडचं बांधकाम बघितलं तर कुठल्याही ग्रामपंचायतीपेक्षा पैसा कमी नाहीये इथे.

नवी मुंबईत तर सुरुवात करायला जागा पण आहे. नोडा-नोडात, म्हणजे तिथल्या प्रत्येक उपनगरात, ज्येष्ठांची विरंगुळा केंद्रं आहेत, कॅरम, पेपर, वाढदिवस, छान चालतात. पण ती चालू शकणाऱ्यांसाठी. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने वाशी-नेरूळला बांधलेल्या जुन्या चार मजली इमारतींना लिफ्ट नाही, तेव्हा घेणारा तिशीतला होता, आता तो ऐंशीचा आहे आणि चौथ्या मजल्यावरून खाली उतरून त्याला दोन-दोन वर्षं झालीत, रीडेव्हलपमेंटची वाट बघत. याच केंद्रांतल्या एक-दोन खोल्या दिवसाच्या पाळणाघरासारख्या केल्या, म्हाताऱ्यांसाठी, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, मंडळाच्या मावश्या, एक नर्स, आणि खुर्चीत बसवून जिन्यावरून खाली आणणारी दोन माणसं, तर कितीतरी सुनांच्या नोकऱ्या वाचतील. वृद्धाश्रमांवर मी फार बोलत नाही, जिल्ह्याला एक दीडशे जणांचा असावा असं 2007 चा कायदाच म्हणतो, तेवढा झाला तरी ठाणे जिल्ह्याला तो कुठे पुरणार. आणि पनवेल-कर्जतकडच्या सीनियर लिव्हिंगच्या जाहिराती हसऱ्या आजी-आजोबांच्या असतात, सायकल चालवणाऱ्या. पलंगावरच्या आजींचा फोटो मी अजून बघितलेला नाही.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवते. यातलं मंडळ आधी आणलं आणि तासांचं अनुदान नंतर बघू म्हटलं, तर मी स्वतः विरोध करीन. लेव्ही लागली आणि महापालिकेने हात वर केले तर साडेसात हजारवाल्या घरातली मावशी पहिल्या महिन्यात बंद होईल, आणि तिच्या जागी कोण उभं राहील हे आपल्याला माहीत आहे, त्याच घरातली मुलगी नाहीतर सून. अनुदान आधी वॉर्डात सुरू व्हायला हवं, चारशे घरांपासून झालं तरी चालेल, आणि त्या चारशे घरांत जाणाऱ्या मावश्याच मंडळाच्या पहिल्या सभासद असाव्यात.